टेकडीवरच्या घराचे धनी

अमेरिकेत व्हर्जिनिया नावाच्या मुलखात एक टेकडी होती. ती एका जमीनदाराच्या मुलाला बापाकडून वारशात मिळाली होती. लहानपणापासून तो तिथं हिंडायचा. पंचविशीत आल्यावर त्यानं ठरवलं, की घर बांधायचं तर इथंच. शहाणी माणसं नदीकाठी, रस्त्यालगत घरं बांधत. डोंगरमाथ्यावर पाण्याची ददात, सामान चढवायचा त्रास. पण त्याला वरून दिसणारा मुलूख आवडला होता. 1768 मध्ये त्यानं टेकडीचा माथा सपाट करायला घेतला.

तो माणूस म्हणजे थॉमस जेफरसन. पुढे त्यानं अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला, तो दोन वेळा राष्ट्राध्यक्ष झाला. पण घर बांधायला घेतलं तेव्हा तो एक तरुण वकील होता आणि त्याला पुस्तकं वाचून घर बांधायची हौस होती. घराला त्यानं मोंटिचेलो असं इटालियन नाव दिलं.

घर बांधून होईना. अर्धं उभं राहिलं तोवर लग्न झालं, मुलं झाली, बायको वारली. मग तो वकील म्हणून फ्रान्सला गेला, म्हणजे आपल्या देशाचा वकील. तिथली घरं पाहून परतला आणि आपलंच घर त्याला जुनाट वाटू लागलं. त्यानं भिंती पाडल्या, खोल्या वाढवल्या, वर घुमट चढवला. 1809 साल उजाडलं तेव्हा कुठे गवंडी-सुतारांचा हात थांबला. चाळीस वर्षं झाली होती.

घर मात्र देखणं झालं. मुख्य घरातच तेहतीस खोल्या. दर्शनी दालनात एक मोठं घड्याळ होतं. तोफेच्या गोळ्यांसारखी लोखंडी वजनं दोरावर टांगलेली, आणि भिंतीवर वारांची नावं लिहिलेली. वजन जसं खाली उतरेल तसा वार कळे. पण दोर जरा लांब झाला होता. शुक्रवार संपता संपता वजन जमिनीला टेके. मालकानं जमिनीला भोकं पाडून घेतली आणि शनिवारची सोय तळघरात केली.

जेवणघरात आणखी गंमत होती. चुलीच्या दोन्ही अंगांना छोटे पाळणे होते. तळघरातून दारूच्या बाटल्या त्यातून वर येत. एक दार मधल्या खुंटावर फिरायचं, त्याच्या मागच्या बाजूला फळ्या होत्या. बाहेरून ताटं मांडायची, दार फिरवायचं, की जेवण आत. मुदपाकखाना घराच्या बाजूला जमिनीखाली होता आणि तिथून आडोशाच्या वाटेनं अन्न येई. पाहुणे जेवत, गप्पा मारत. वाढणारे हात कमीत कमी दिसत.

ते हात गुलामांचे होते.

टेकडीचा माथा त्यांनी सपाट केला. डोंगराच्याच मातीच्या विटा त्यांनी पाडल्या, भाजल्या. लाकूड त्यांनी तोडलं. घराजवळ तुतीच्या झाडांची एक रांग होती, तिच्या कडेनं त्यांची खोपटी होती, सुतारशाळा होती, लोहारकाम होतं. खिळे पाडायच्या कारखान्यात दहा ते सोळा वर्षांची पोरं दिवसभर घण मारायची. मालकानं त्यांच्या कामाचा रोजचा हिशोब स्वतःच्या हातानं वहीत लिहिला. सगळी माणसं जन्मतः समान आहेत, असं लिहिणारा हात तोच. त्याच्या हयातीत सहाशेच्या वर माणसं त्याच्या मालकीची होती. त्यांतल्या एका बाईपासून त्याला मुलंही झाली, असं आज बहुतेक इतिहासकार मानतात.

त्या घरी जोसेफ फॉसेट नावाचा लोहार होता. कामात वाकबगार. त्याची बायको ईडिथ मुदपाकखाना सांभाळायची. मालक राष्ट्राध्यक्ष असताना तिला राजधानीत नेऊन फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली शिकवलं होतं. दूरदूरचे पाहुणे तिच्या हातचं जेवून तृप्त व्हायचे आणि तारीफ मालकाची करायचे. दोघांना बरीच मुलं होती. त्यांतला एक पीटर. तो 1815 मध्ये त्याच टेकडीवर जन्मला.

घर नांदतं होतं, पण कर्जात नांदतं होतं. सासऱ्याच्या वारशाबरोबर आलेलं जुनं देणं होतं. पिकाला भाव नव्हता. पाहुण्यांचा राबता थांबत नव्हता, आणि आलेल्याला जेवल्याशिवाय पाठवायची रीत नव्हती. मालकानं आपली साडेसहा हजार पुस्तकं सरकारला विकली, थोडं देणं वारलं, आणि पुन्हा पुस्तकं घ्यायला सुरुवात केली. पुढे एका स्नेह्याला वीस हजार डॉलरसाठी जामीन राहिला. स्नेही बुडाला. शेवटी जमिनीची सोडत काढून पैसे उभे करायचं घाटलं, तेही जमलं नाही.

1826 साली, 4 जुलैला, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्याच दिवशी मालकानं डोळे मिटले. मागे एक लाख सात हजार डॉलरचं कर्ज होतं.

मृत्युपत्रात त्यानं पाच गुलामांना मोकळं केलं होतं. जोसेफ लोहार त्या पाचांत होता. त्याची बायको नव्हती. त्याची मुलं नव्हती.

सहा महिन्यांनी, 1827 च्या जानेवारीत, त्याच टेकडीवर लिलाव झाला. सामानसुमान, नांगर, गुरं, आणि एकशेतीस माणसं. खरेदीदार थंडीत चढून वर आले. जोसेफनं नातेवाइकांच्या मदतीनं बायको आणि धाकटी मुलं सोडवून घेतली. बाकीची मुलं वेगवेगळ्या घरी गेली. पीटर तेव्हा अकरा वर्षांचा होता. ज्यानं त्याला घेतलं त्यानं शब्द दिला होता, की बापानं पैसे जमवून आणले की पोरगं परत देईन. बापानं पैसे जमवले, पण त्या माणसानं शब्द पाळला नाही. आईबाप ओहायोला निघून गेले. पीटर मागे राहिला. त्यानं चोरून लिहायला-वाचायला शिकून घेतलं. दोनदा पळाला. दुसऱ्या खेपेला पकडून पुन्हा लिलावात उभा केला. 1850 च्या सुमाराला आप्तांनी पैसे भरले तेव्हा तो सुटला आणि सिनसिनाटीला आईबापांकडे पोचला.

इकडे टेकडीवरचं घर ओस पडलं होतं. मालकाच्या लेकीला आणि नातवाला ते पोसवेना. 1831 मध्ये त्यांनी ते विकलं. त्यांनी फक्त एक तुकडा राखून ठेवला, घराण्याचं कबरस्तान. ते आजही वंशजांच्याच ताब्यात आहे. इतक्या मोठ्या जमीनजुमल्यातून घराण्याकडे शेवटी तेवढीच जागा उरली.

नवा धनी औषधांचा दुकानदार होता. जेम्स बार्क्ले त्याचं नाव. त्याला बागेचं, इतिहासाचं फारसं काही नव्हतं. त्याच्या डोक्यात रेशीम होतं. तुती लावायची, किडे पाळायचे, रेशीम काढायचं, श्रीमंत व्हायचं. किड्यांनी साथ दिली नाही. तीन वर्षांत तो कंटाळला, घर विकायला काढलं, आणि पुढे धर्मप्रचारक होऊन थेट जेरुसलेमला गेला.

तिसरा धनी दर्यावर्दी होता. युरिया लेव्ही. जातीनं ज्यू. दहाव्या वर्षी घरातून पळून जहाजावर पोऱ्या म्हणून चढला होता. पुढे आरमारात गेला, युद्धात इंग्रजांच्या कैदेत पडला, सुटून आला. आरमारात ज्यू अधिकारी म्हणजे डोळ्यांत खुपणारा. त्यानं टोमणे ऐकून घेतले नाहीत, आणि सहा वेळा लष्करी न्यायालयापुढे उभा राहिला. त्या काळी खलाशांना चुकीबद्दल चाबकाचे फटके मारत. यानं आपल्या जहाजावर ते बंद केलं आणि त्यासाठीही शिक्षा भोगली. 1850 मध्ये कायद्यानं फटके बंद झाले, त्यात त्याचा वाटा होता.

जेफरसनबद्दल या माणसाला पराकोटीचा आदर होता. ज्याचा त्याचा धर्म ज्याच्या त्याच्यापाशी, सरकारनं त्यात पडू नये, हा कायदा जेफरसननं लिहिला होता. त्याचं मोल ज्यूइतकं कुणाला कळणार? लेव्हीनं स्वतःच्या पैशानं पॅरिसमध्ये जेफरसनचा पंचधातूसारखा चकाकणारा ब्राँझचा पुतळा घडवून घेतला आणि देशाला भेट दिला. तो आज वॉशिंग्टनच्या संसदभवनात उभा आहे. म्हणतात, की पॅरिसमध्येच एका वृद्ध सेनापतीनं त्याला विचारलं होतं, जेफरसनच्या घराचं काय झालं? उत्तर ठाऊक नव्हतं म्हणून तो टेकडी चढून पाहायला गेला, आणि 1834 मध्ये घर विकत घेण्याचा सौदा करून उतरला. घर आणि दोनशे अठरा एकर, सत्तावीसशे डॉलरला.

त्यानं छप्पर दुरुस्त केलं. पडक्या भिंती सावरल्या. बाग साफ केली. म्हाताऱ्या आईला आणून त्या घरात ठेवलं. 1839 मध्ये ती वारली तेव्हा मुलगा समुद्रावर होता. तिला घराकडे येणाऱ्या वाटेच्या कडेला पुरलं, तुतीच्या झाडांची जुनी रांग होती तिथं. सांगायला हवं, की खलाशांच्या पाठीवरचा चाबूक ज्यानं थांबवला, त्याच्या टेकडीवरही गुलाम राबत होते. घर दुरुस्त केलं म्हणताना हात पुन्हा त्यांचेच होते.

1862 मध्ये लेव्ही गेला. मृत्युपत्रात त्यानं घर देशाला देऊन टाकलं होतं. आरमारातल्या मेलेल्या कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या पोरक्या मुलांना तिथं शेती शिकवावी, अशी त्याची इच्छा होती. पण देश तेव्हा दोन तुकड्यांत भांडत होता. गुलामगिरी ठेवायची की घालवायची, यावर यादवी पेटली होती आणि टेकडी बंडखोरांच्या बाजूला पडली होती. त्यांनी शत्रूची मालमत्ता म्हणून घर जप्त केलं, विकलं. युद्ध संपल्यावर ते परत मिळालं, पण अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस, म्हणाली होती, आम्हाला नको. मग वारसांची भाऊबंदकी सुरू झाली. सतरा वर्षं कज्जा चालला.

घराला धनी नसल्यासारखंच होतं. एक राखणदार होता. त्यानं आपल्या परीनं घराचा उपयोग केला. थंडीत तळघरात गुरं बांधली. लाकडाच्या नक्षीदार जमिनीच्या दिवाणखान्यात धान्य उफणलं. काचा फुटल्या, छप्पर कुजलं, पायऱ्यांवर गवत आलं. घर पाहायला लोक यायचे. थोर माणसाचं घर म्हणून डोळ्यांत पाणी आणायचे, आणि जाताना त्याच्या थडग्याच्या दगडाचा टवका आठवण म्हणून काढून न्यायचे. इतके टवके गेले, की शेवटी 1883 मध्ये सरकारला नवा दगड बसवावा लागला. भक्तीनं झालेली नासधूस राखणदाराच्या गुरांपेक्षा कमी नव्हती.

1879 मध्ये दर्यावर्द्याच्या पुतण्यानं बाकीच्या वारसांचे हिस्से दहा हजार पन्नास डॉलरला घेतले. त्याचं नावच जेफरसन लेव्ही. न्यूयॉर्कचा वकील, जमिनी आणि शेअर यांत कमावलेला. लग्न केलेलं नव्हतं. त्यानं एक चांगला कारभारी नेमला, गुरं हाकलली, छपरापासून तळघरापर्यंत सगळं नीट करून घेतलं. विकून गेलेलं मूळ सामान जिथं सापडलं तिथून परत आणलं. लाखो डॉलर ओतले. काही ठिकाणी त्याच्या हौसेनं मूळ घराचं रूपही बदललं, ते वेगळं.

या धन्याच्या काळात, 1900 साली, एक म्हातारा पाहुणा आला. वय पंच्याऐंशी. पीटर फॉसेट.

सुटून गेल्यावर पीटरनं सिनसिनाटीत मोठमोठ्या मेजवान्यांचा स्वयंपाक करून देण्याचा धंदा केला. आईचा हात त्याला लागला होता. पळून येणाऱ्या गुलामांना तो लपवायचा, पुढच्या वाटेला लावायचा. मग एका चर्चचा पाद्री झाला. उतारवयात त्याला वाटलं, की मरण्यापूर्वी एकदा जन्माचं घर पाहावं. त्याच्या लोकांनी प्रवासाला हातभार लावला.

म्हातारा टेकडी चढून वर आला. लहानपणी या घरात तो मागच्या वाटांनी फिरला होता, तळघरातून, मुदपाकखान्यातून. त्र्याहत्तर वर्षांपूर्वी याच माथ्यावर त्याच्यावर बोली लागली होती. या खेपेला त्याला पुढच्या दारानं आत घेतलं, पाहुण्यासारखं. त्यानं घर हिंडून पाहिलं. दुसऱ्या वर्षी तो वारला.

पुढे दहा-बारा वर्षांत घराचा धनी अडचणीत आला. मॉड लिटलटन नावाच्या एका बाईंनी घर पाहिलं होतं. त्यांना तिथं जेफरसन दिसावा तितका दिसला नाही, लेव्ही फार दिसले. त्यांनी मोहीम काढली, की हे घर एका माणसाचं नको, देशाचं हवं. पत्रकं निघाली, सभा झाल्या, काँग्रेसपुढे सुनावणी झाली. धनी स्वतः काँग्रेसचा सभासद होता. आधी तो म्हणाला, व्हाइट हाऊस विकायला निघेल तेव्हा माझ्या घराचं विचारा. वर्तमानपत्रांत उलटसुलट छापून आलं. कुणाकुणाच्या लिहिण्यात त्याचा धर्म आडून आडून यायचाच. ज्या चुलत्यानं हे घर देशाला देऊ केलं आणि देशानं नाकारलं, त्याची आठवण मात्र फारशी कुणी काढली नाही.

मग बाजार पडला. पैसा आटला. 1923 मध्ये त्यानं एका नव्या प्रतिष्ठानाला घर पाच लाख डॉलरला विकलं. त्यातला थोडाच पैसा रोख होता, बाकीचा गहाणावर. शाळेतल्या पोरांनीसुद्धा पैसे जमवून दिले. सही करताना धनी रडला, असं सांगतात. पुढच्या मार्चमध्ये तो वारला. कज्ज्याची वर्षं धरून लेव्हींकडे ते घर सुमारे नव्वद वर्षं होतं. जेफरसन स्वतः तिथं इतका काळ राहिला नव्हता.

सांगण्यासारखं एवढंच आहे. खरेदीखतं काढून पाहिली, तर या घराच्या धन्यांची यादी सहज लागते, आणि त्यांतला कुणी निखळ चांगला किंवा निखळ वाईट निघत नाही. ज्यानं घर बांधलं त्याचा त्याच्यावर जीव होता, पण त्या जिवापाड प्रेमाचं देणं लोहाराच्या पोरांनी फेडलं. ज्यांनी घर पडू दिलं नाही त्यांना लोक उपरे समजले. दस्तावर नाव विकत घेणाऱ्याचं आणि विकणाऱ्याचं येतं. विटा पाडणाऱ्याचं येत नाही, आणि ज्याला विटांबरोबर विकलं त्याचं आलं तरी किमतीच्या रकान्यात येतं. घर कुणाचं, हे विचारताना म्हणून दस्त पुरे पडत नाही. ते कुणाच्या जिवावर उभं राहिलं, हेही विचारावं लागतं.

प्रतिष्ठानानं घर उत्तम राखलं. पुतण्यानं केलेले फेरफार काढून टाकले, घर पुन्हा जेफरसनच्या वेळचं केलं. आणि बरीच वर्षं तिथल्या वाटाड्यांच्या सांगण्यात लेव्ही जवळजवळ नव्हते. दर्यावर्द्याच्या आईच्या कबरीवरून पाहुणे रोज जात, पण ती कुणाची हे कुणी सांगत नसे. 1985 मध्ये कबर नीट केली आणि शेजारी लेव्हींचं काम सांगणारी पाटी लावली. 1993 पासून प्रतिष्ठानाची माणसं देशभर हिंडून गुलामांच्या वंशजांना भेटू लागली, घराण्यांत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी टिपून घेऊ लागली. फॉसेटांच्या वंशजांनीही आपल्याकडच्या गोष्टी सांगितल्या. पुढे आणखी काही वर्षांनी टेकडीच्या उतारावर, झाडांखाली, गुलामांची दफनभूमी सापडली. चाळीसच्या वर कबरी आहेत. त्यांच्यावर नावं नाहीत. नावं शोधायचं काम अजून चालू आहे, आणि त्या कामात जेफरसननं स्वतःच्या हातानं लिहिलेल्या त्याच हिशोबाच्या वह्या वापरतात.